बीपीची गोळी मुलाच्या चिडचिडीवर? दोन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर

"अहो, ही तर बीपीची गोळी. माझ्या सासऱ्यांना चालू होती. चुकून तर नाही ना दिली?" मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन आलेल्या आया आमच्या काउंटरवर हे हमखास विचारतात. कधी बीपीच्या जागी फिट्सची गोळी असते, कधी कफ पातळ करणारी. घरी जाऊन मोबाइलवर नाव टाकलं की भलतंच काहीतरी वाचायला मिळतं आणि आम्ही शटर ओढत असताना फोन येतो.

मी औषधविक्रेता, डॉक्टर नव्हे. तुमच्या मुलाला काय द्यायचं ते मी ठरवणार नाही. पण "हे सुरू करू किंवा ते, घरी बोलून सांगा" असं म्हणून डॉक्टरांनी पाठवलं असेल, तर ते पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहायचे कसे, याबद्दल बोलता येईल. तेही नाशिकच्या सोयी-गैरसोयी धरून. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे खरं, पण केवळ मुलांचंच काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्यात अजूनही शोधावे लागतात, आणि सुरगाणा-पेठकडून येणाऱ्या माणसाला दर पंधरा दिवसांनी चक्कर मारणं परवडत नाही. औषध निवडताना हेही मोजावं लागतं.

मूळ काम वेगळं, आताचं वेगळं

एका दुखण्यासाठी आलेलं औषध दुसऱ्याच दुखण्याला लागू पडणं, हे मुलांच्या मानसोपचारात पहिल्यापासून चालत आलं आहे. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांची डोकेदुखी थांबावी म्हणून बेन्झेड्रिन, म्हणजे ॲम्फेटामिन, देऊन बघत होते. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण ३० पैकी साधारण निम्मी मुलं वर्गात मन लावून बसायला लागली. मुलांनीच तिला 'गणिताची गोळी' म्हणायला सुरुवात केली. आज एडीएचडीवर, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न लागणं यांवर, जी मुख्य औषधं दिली जातात ती त्याच घराण्यातली.

क्लोनिडिनचा प्रवास आणखी गमतीचा. साठच्या दशकात जर्मनीत ते चोंदलेलं नाक मोकळं करायला म्हणून तयार झालं. नाकात घालून पाहिलं तर माणूस गाढ झोपला आणि त्याचं बीपी उतरलं. झालं बीपीचं औषध. पुढे ते मुलांच्या टिक्सवर, म्हणजे डोळे मिचकावणं, मान झटकणं यांवर वापरलं गेलं, आणि मग एडीएचडीवर.

तेव्हा 'ही बीपीची गोळी आहे' एवढ्यावरून घाबरू नका. पण 'जुनं औषध आहे, म्हणजे सुरक्षितच असणार' या भरवशावरही राहू नका. साठीच्या माणसाला जे सोसतं ते आठ वर्षांच्या पोराला सोसेलच असं नाही. डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच: या वयाच्या मुलांवर, नेमक्या याच लक्षणासाठी, प्लासिबोशी म्हणजे औषध नसलेल्या तशाच दिसणाऱ्या गोळीशी तुलना करून हे तपासलंय का?

'फार चिडतो' याच्या पोटात काय काय

औषधं शेजारी ठेवण्याआधी लक्षण नीट वेगळं काढावं लागतं. 'फार चिडतो' या दोन शब्दांत काहीही असतं. आवेग आवरत नाही म्हणून हात उचलणारा एडीएचडीचा मुलगा. दात दुखतोय पण सांगता येत नाही म्हणून डोकं आपटणारी ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, मुलगी. रात्री एकपर्यंत जागा राहून सकाळी शाळेच्या रिक्षात बसताना आकांत करणारा. आणि सकाळच्या औषधाचा असर संध्याकाळी उतरला की तासभर घर डोक्यावर घेणारा. चौघांची औषधं वेगळी, आणि दात दुखणाऱ्या मुलीला आधी दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं.

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेली एक छोटी चाचणी मला फार बोलकी वाटते. एडीएचडी आणि आक्रमकपणा दोन्ही असलेल्या मुलांना आधी उत्तेजक औषध, म्हणजे ब्रॅडलींच्या गोळीच्या घराण्यातलं एडीएचडीचं मुख्य औषध, देऊन त्याचं प्रमाण काळजीपूर्वक बसवलं. तेवढ्यानंच बऱ्याच मुलांचा आक्रमकपणा ओसरला. ज्यांचा नाही ओसरला, अशा २७ मुलांना मग फिट्सचं औषध व्हॅल्प्रोएट किंवा प्लासिबो जोडून दिलं. व्हॅल्प्रोएटवर १४ पैकी ८ सुधारली, प्लासिबोवर १३ पैकी २. आकडे लहान आहेत, त्यावरून व्हॅल्प्रोएटची जाहिरात करू नये. मला त्यातली पहिली पायरी महत्त्वाची वाटते: मुख्य औषध नीट बसवून पाहिलंय का?

इथे आपल्याकडची एक अडचण आडवी येते. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं मुख्य औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत, आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची, आणि त्यासाठीचा वेगळा परवाना सगळ्या मेडिकलवाल्यांकडे नसतो. तालुक्याच्या गावी ते मिळणं म्हणजे नशीब. मग कुठेही मिळणारी गोळी आपोआप पुढे सरकते. डॉक्टरांनी क्लोनिडिन सुचवलं तर विचारा, "हे याला जास्त लागू पडेल म्हणून, की दुसरं मिळायला अवघड म्हणून?" कारण दुसरं असेल तर महिन्यातून एकदा नाशिकला येऊन औषध नेण्याची सोय करता येईल का, हे बघणं जास्त बरं.

क्लोनिडिन की रिस्पेरिडोन

बहुतेक घरांत निवड या दोघांतच अडते, म्हणून इथे जरा थांबू.

पुरावा आधी. रिस्पेरिडोन मूळचं स्किझोफ्रेनियाचं. ऑटिझममधल्या मुलांच्या तीव्र चिडचिडीवर २००२ साली त्याची चाचणी झाली. ५ ते १७ वयाची १०१ मुलं, आठ आठवडे. औषधावर ६९ टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा, प्लासिबोवर १२ टक्के. मुलांच्या मानसोपचारात इतका मोठा फरक क्वचित दिसतो. २००६ साली अमेरिकेच्या औषध नियामकानं त्याला ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी मान्यता दिली, आणि २००९ मध्ये त्याच्याच गटातल्या ॲरिपिप्राझोललाही. क्लोनिडिनला तिथे २०१० मध्ये ६ ते १७ वयासाठी मान्यता मिळाली, तीही हळूहळू विरघळणाऱ्या गोळीला आणि एडीएचडीसाठी, रागासाठी नाही. माझ्या काउंटरवर येते ती साधी १०० मायक्रोग्रॅमची गोळी. तिचा असर लवकर चढतो आणि लवकर उतरतो, म्हणून ती दिवसातून दोन-तीनदा विभागून दिली जाते. २००२ च्याच आणखी एका चाचणीत टिक्स आणि एडीएचडी दोन्ही असलेली १३६ मुलं होती. त्यात क्लोनिडिननं फायदा दिला, मिथाइलफेनिडेटनंही दिला, आणि दोन्ही मिळून सगळ्यांत चांगला. क्लोनिडिनवर पेंग मात्र बऱ्याच मुलांना आली.

म्हणजे जोराच्या बाबतीत तुलनाच नको. मूल स्वतःला चावतंय, धाकट्या भावंडाला इजा होतेय, शाळेनं घरी बसवलंय, अशी वेळ असेल तर रिस्पेरिडोनच्या बाजूला सरळ पुरावा आहे. चुळबुळ, आवेग, टिक्स आणि रात्रीची झोप हा त्रास असेल तर क्लोनिडिन जवळचं. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला पहिल्या दिवसापासून रिस्पेरिडोन दिलं जातं तेव्हा मला खटकतं, आणि हे मी आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरांनाही बोलून दाखवतो.

खटकण्याचं कारण किंमत, पैशांतली नव्हे. त्या आठ आठवड्यांत रिस्पेरिडोन घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोनं वाढलं, प्लासिबोवाल्यांचं ०.८ किलोनं. भूक अशी लागते की जेवण होऊन अर्धा तास झाला नाही तोच मूल पुन्हा डब्याशी. आजोळी कौतुक होतं, "पोरगं आता चांगलं खातंय हो." सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तीच, हे घरी ठरवूनच हो म्हणायचं. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, वाढून मुलग्यांची छाती थोडी वाढू शकते, मोठ्या मुलींची पाळी चुकू शकते, आणि मुलं हे लाजेनं सांगत नाहीत, आपल्याला विचारावं लागतं. ॲरिपिप्राझोलवर प्रोलॅक्टिनचा त्रास कमी. पण त्यानं एका जागी बसवेना अशी अस्वस्थता येऊ शकते, आणि ती हुबेहूब वाढलेल्या चिडचिडीसारखी दिसते. औषध कमी पडतंय असं समजून प्रमाण वाढवलं तर आगीत तेल. वाढत्या वजनासाठी काही डॉक्टर मेटफॉर्मिन जोडतात. ते मधुमेहाचं औषध. ऑटिझमच्या मुलांवर तपासलेलं आहे आणि थोडासा फायदा देतं.

आता क्लोनिडिनचं घरातलं रूप. गोळी साबुदाण्याहून फार मोठी नसते, आणि चिठ्ठीत 'अर्धी' लिहिलेलं असतं. ब्लेडनं कापायला जाल तर एक तुकडा ओट्याखाली आणि उरलेल्याचा भुगा. गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी मेडिकलमध्ये मिळते, ती घ्या. दोन्ही अर्धुकं एकसारखी पडली नाहीत तर सकाळचा आणि रात्रीचा डोस वेगळा होतो, आणि या औषधात एवढ्यानंही फरक पडतो. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. चिठ्ठीवर मायक्रो की मिलि हे वाचता आलं नाही तर अंदाजानं देऊ नका, फोन करा. घरात दोन-तीन वर्षांचं भावंड असेल तर डबी कुलपात. त्या वयाच्या बाळानं एखाद-दुसरी गोळी गिळली तरी नाडी मंदावून बाळ बेशुद्धीकडे जाऊ शकतं, तेव्हा वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

बीपी आणि नाडी सुरुवातीला आणि प्रमाण बदलताना मोजावी लागते. आजोबांच्या मशीनवर नातवाचं बीपी मोजू नका. मोठ्यांचा पट्टा लहान दंडावर बांधला की आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. आणि आपला एप्रिल-मे. दुपारी मैदानावर खेळून पाणी न पिता आलेलं मूल या औषधावर एकदम उठताना चक्कर येऊन पडू शकतं. शाळेतल्या बाईंना सांगून ठेवा.

थांबवण्यातही दोघांचा स्वभाव वेगळा. क्लोनिडिन एकदम बंद केलं तर बीपी उसळी मारतं, म्हणून ते पायरी-पायरीनं उतरवायचं. दिवाळीला गावी जाताना पाकीट घरी राहिलं आणि तिथल्या दुकानात ती गोळी नाही, हा प्रसंग जितका साधा वाटतो तितका नाही. निघताना लागतील त्याहून आठवडाभराच्या जास्त गोळ्या सोबत ठेवा, चिठ्ठीच्या फोटोसह. उलट्या होऊन डोस पोटात टिकत नसतील तरी डॉक्टरांना कळवा. रिस्पेरिडोनच्या बाबतीत अडचण दुसरीच. सहा महिने चांगली राहिलेली मुलं घेऊन काहींचं औषध हळूहळू प्लासिबोवर नेलं, तेव्हा त्यांतल्या ६२.५ टक्के मुलांचा त्रास परतला. औषध चालू राहिलेल्यांत १२.५ टक्के. म्हणजे 'दोन महिने देऊ, मग बंद' अशी समजूत करून सुरू करू नका.

जाता जाता दुकानातली एक गोष्ट. रिस्पेरिडोन आपल्याकडे एकटंही मिळतं आणि ट्रायहेक्सिफेनिडिलसोबत एकाच गोळीतही मिळतं. नावापुढे बहुधा 'प्लस' असतं. ते दुसरं औषध थरथर आणि ताठरपणासाठी असतं, त्यानं तोंड कोरडं पडतं, शौचाला त्रास होतो, विसरभोळेपणा येऊ शकतो. चिठ्ठीत साधं लिहिलं असताना 'कंपनी वेगळी, औषध तेच' म्हणून कुणी प्लसचं पाकीट पुढे केलं तर घेऊ नका.

एनॲसिटिलसिस्टीन: सौम्य, पण पाय कच्चे

कफ पातळ करणारं आणि पॅरासिटामॉलची विषबाधा उतरवणारं हे औषध. पाण्यात टाकली की फसफसणारी संत्र्याच्या चवीची गोळी. डबी उघडली की मात्र कुजक्या अंड्याचा वास. चव आणि वास यांना चिकित्सक असलेल्या ऑटिझमच्या मुलाला ते पाजणं हेच एक काम.

२०१२ साली ३ ते १२ वयाच्या ३३ मुलांवर झालेल्या चाचणीत ऑटिझममधली चिडचिड कमी झाल्याचं दिसलं. नंतर ऑस्ट्रेलियात ९८ मुलांवर सहा महिने, कमी प्रमाणात, दिलं तेव्हा फरक पडला नाही. केस उपटण्याच्या सवयीचं तर आणखी बघण्यासारखं आहे. २००९ मध्ये मोठ्या माणसांवर चांगला असर दिसला, आणि २०१३ मध्ये मुलांवर तीच चाचणी केली तर औषध आणि प्लासिबो सारखेच. मोठ्यांचा निकाल मुलांना लावू नये, याला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

तरी मी हे बाद करणार नाही. त्रास मध्यम असेल, वजनाची भीती असेल, आणि तीन महिने धीर धरायची तयारी असेल तर डॉक्टरांशी बोलण्यासारखा पर्याय आहे. पोट बिघडणं हा नेहमीचा त्रास. दम्याच्या मुलाला मात्र विचारल्याशिवाय नको. आणि 'नुसतं सप्लिमेंट आहे' म्हणून स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

बाकीचे थोडक्यात

प्रोप्रानोलोल हेही बीपीचं. स्टेजवर किंवा तोंडी परीक्षेत हात कापणं, छाती धडधडणं यांवर मोठी माणसं ते घेतात. लहान बाळांच्या अंगावरच्या रक्तवाहिन्यांच्या लाल गाठींवर त्याचा उपयोग फ्रान्समध्ये २००८ साली योगायोगानं सापडला आणि आता ते त्यावरचं रीतसर औषध आहे. म्हणून ते मुलांच्या आक्रमकपणावरही चालेल असं होत नाही. त्याबाबतचे अभ्यास छोटे आणि जुने आहेत. दमा असेल तर नकोच, आणि उपाशी मुलाला दिलं तर साखर उतरू शकते.

व्हॅल्प्रोएटचं वर आलंच. मुलगी असेल तर मी दहादा विचार करा म्हणेन. पुढे गरोदरपणात हे चालू राहिलं तर दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग, आणि दहांतल्या तीन-चार बाळांच्या वाढीत अडथळा, इतका तो धोका मोठा आहे. फिट्स असतील तर वेगळी गोष्ट, ती डॉक्टरांशी बोलायची.

आणि प्रवासात गप्प बसावं म्हणून सर्दीचं, झोप आणणारं सिरप पाजणं. मुंबईला जायचंय, कसाऱ्याच्या घाटात रडतो, म्हणून मागायला येतात. मी देत नाही. प्रोमेथाझिननं दोन वर्षांखालच्या बाळाचा श्वास मंदावून जीव गेल्याची नोंद आहे, आणि मोठ्या काही मुलांना त्यानं झोप येण्याऐवजी उलटा चळ चढतो.

जी औषधं गाजली आणि पडली

व्हॉट्सॲपच्या गटांत अजून फिरतात म्हणून दोन नावं. सिक्रेटिन हे स्वादुपिंडाच्या तपासणीत टोचायचं संप्रेरक. १९९८ मध्ये ऑटिझमच्या तीन मुलांना ते दिल्यावर सुधारणा दिसल्याचं प्रसिद्ध झालं आणि जगभर पालकांची रीघ लागली. १९९९ मध्ये ६० मुलांवर नीट चाचणी झाली: सिक्रेटिन आणि मिठाचं पाणी यांत फरक शून्य. निकाल सांगितल्यावरही त्यांतले दोनतृतीयांशाहून जास्त पालक म्हणाले, आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे. त्यांना मी हसत नाही. दोन्ही गटांतली मुलं थोडी सुधारली होतीच, आणि आपलं मूल सुधारलेलं डोळ्यांनी पाहिल्यावर कोण आकडे ऐकेल?

बुमेटानाइड हे लघवी वाढवणारं औषध. सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत आशा दिसली, पण चारशेहून जास्त मुलांवरच्या मोठ्या चाचण्या उपयोग न दिसल्यामुळे २०२१ मध्ये थांबवाव्या लागल्या. 'परदेशात ऑटिझमवर चालतं म्हणे' असं कुणी सांगितलं तर तुमच्याकडे उत्तर असावं.

ठरवलं, मग पुढे

औषध कोणतंही निवडा, सोबत पालकांचं प्रशिक्षण मिळत असेल तर सोडू नका. १२४ मुलांवरच्या अभ्यासात नुसत्या रिस्पेरिडोनपेक्षा रिस्पेरिडोन आणि पालक-प्रशिक्षण यांचा असर जास्त दिसला, आणि औषधही कमी लागलं. नाशिकला दर आठवड्याला येणं जमत नसेल तर ऑनलाइन बैठका घेता का, असं समुपदेशकांना विचारा. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मराठीत बोलते आणि पैसे लागत नाहीत. औषध बदलायला ती नाही, पण रात्री अकराला घरात रडारड चालू असताना कुणाशी तरी बोलायला उपयोगी आहे.

औषध सुरू करण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज तीन गोष्टी लिहा: किती वेळा हात उचलला किंवा वस्तू फेकली, किती वाजता झोप लागली, आणि शाळेतून काही आलं का. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. या काळात शाळा बदलू नका, दुसरं औषध, काढा किंवा पथ्य सुरू करू नका, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: कोणत्या लक्षणासाठी, किती आठवड्यांनी आढावा, काय दिसलं तर लगेच फोन, आणि उपयोग झाला नाही तर कसं उतरवायचं. जागा नसेल तर चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. आम्ही मेडिकलवाले ती बाजूही वाचतो.